व्हेनिस: मुलं आणि साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) सोबत, मेस्त्रेला (व्हेनिसचाच मुख्य भूमीवरचा भाग) राहावं की आत बेटावर?

चकली_भाजणी:
नमस्कार मंडळी, मे मध्ये इटलीला जातोय, आम्ही दोघं, मुलगा ४ वर्षांचा, मुलगी ११ ची आणि साबा-साबु. व्हेनिसला तीन रात्री आहेत. आत बेटावरच्या हॉटेलांचे भाव बघून डोळे पांढरे झाले, मेस्त्रेला जवळजवळ निम्म्यात फॅमिली रूम दिसतेय पण नवऱ्याचं म्हणणं एवढे पैसे घालून जायचं आणि व्हेनिसच्या बाहेर झोपायचं तर जायचंच कशाला. साबांचे गुडघे दुखतात, साबु पक्के शाकाहारी. कोणी राहिलंय का तिकडे? रात्री सेफ आहे का?

पायाला_भिंगरी:
डोळे झाकून मेस्त्रे. स्टेशनवरून सतत गाड्या असतात, १०-१२ मिनिटांत सांता लुचिया (बेटावरचं स्टेशन), आणि स्टेशनच्या दारातून बाहेर आलं की समोर थेट ग्रँड कॅनॉलच, साबा पायरीवरच थबकतील बघा. फक्त हॉटेल स्टेशनपासून चालत जाता येईल असंच घ्या, साइटवर 'व्हेनिस' लिहिलेलं असतं आणि निघतं कुठेतरी हायवेच्या कडेला, म्हणून मॅप उघडून बघा. सिटी टॅक्स वेगळा, माणशी दर रात्रीचा, हॉटेलातच भरायचा, १० वर्षांखालच्यांना माफ. स्टेशनचा परिसर दिसायला यथातथाच, पर्स सांभाळायची, बाकी आम्ही रात्री उशिरा मुलांना घेऊन यायचो, काही त्रास नाही झाला. आणि व्हिया पियावे रस्त्याच्या बाजूला बांगलादेशी दुकानं आहेत, डाळ तांदूळ भेंडी हिरव्या मिरच्या सगळं मिळतं!! किचनवालं अपार्टमेंट घेतलंत तर साबुंची खिचडी पक्की.

निवांत_नाना:
मी वहिनींच्या यजमानांच्या बाजूने :) दुपारचं व्हेनिस म्हणजे नुसती गर्दी, खरी मजा सकाळी ८ च्या आत आणि रात्री डे-ट्रिपवाले गेल्यावर. शिवाय पोराला दुपारी झोपवायला रूमवर पटकन येता येतं. पण घेणार असाल तर कान्नारेजो भागात, स्टेशनच्याच बाजूला, लिस्ता दि स्पान्या रस्त्याच्या आसपास. तिथून पोन्ते देल्ले गुल्ये हा पूल येईपर्यंत वाटेत एकही पूल नाही. हे महत्त्वाचं, कारण तिथे प्रत्येक पूल म्हणजे पायऱ्या चढा आणि उतरा, बॅगा हातात. बुक करायच्या आधी लिफ्ट आहे का ते मेल करून विचाराच, जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसते.

पायाला_भिंगरी:
नाना, सहा माणसांचं बजेट पण बघा हो!

हिशेबी_मावशी:
वॅपोरेटोचं (तिथली बोट-बस) कोणी बोललंच नाही. एक तिकीट ९.५० युरो आणि चालतं फक्त ७५ मिनिटं, त्यापेक्षा पास घ्या, आम्ही गेलो तेव्हा २४ तासांचा २५ ला आणि ७२ तासांचा ४५ ला होता. ६ वर्षांखाली फुकट. १ नंबरची बोट पूर्ण ग्रँड कॅनॉलमधून रमतगमत सान मार्को चौकाला जाते, साबांना बसल्या जागी सगळे महाल बघून होतील. गोंडोला ३० मिनिटांना ९० युरो पण एकात पाचच माणसं बसतात आणि तुम्ही सहा, त्यामुळे एकाला काठावरून फोटो काढावे लागणार (कोणाला ते मी सांगत नाही). नाहीतर त्रागेत्तो, २ युरोत फक्त पलीकडच्या काठावर सोडतात, तीही गोंडोलाच असते.
अजून एक, एप्रिल ते जुलै काही ठराविक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना एंट्री फी असते. मेस्त्रे व्हेनिसच्याच म्युनिसिपालिटीत येतं त्यामुळे तुम्हाला भरायची नाही, पण ऑनलाइन नोंदणी करून कोड घेऊन ठेवा. स्वस्त म्हणून शेजारच्या पादोव्हा शहरात राहिलात तर ही सूट नाही.

चकली_भाजणी:
खूप धन्यवाद सगळ्यांना! नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, पायऱ्या आणि बॅगा ऐकल्यावर गप्प बसला. मेस्त्रे स्टेशनजवळ किचनवालं बघतेय, एक दिवस आम्ही दोघंच पहाटेच्या ट्रेनने जाऊन येऊ, मुलं आजी-आजोबांकडे. कुकर न्यावा का?

पायाला_भिंगरी:
छोटा न्या, चेक-इन बॅगेत. आणि ट्रेनचं कागदी तिकीट घेतलंत तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर तिकीट असूनही दंड लावतात.