'मेटल हेल्थ': उसन्या गाण्यावरचे सिंहासन?

वज्रनाद
काल येथे तिरकसबुवांनी लिहिले की क्वायट रायट या अमेरिकी हेवी मेटल (म्हणजे जड, कर्कश गिटारींच्या रॉकच्या) बँडचा 'मेटल हेल्थ' हा अल्बम म्हणजे दुसऱ्या बँडकडून उसन्या घेतलेल्या एका गाण्याच्या पाठीवर बसून विकली गेलेली नऊ गाण्यांची भरताड आहे. उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मार्च १९८३ मध्ये हा अल्बम आला तेव्हा या बँडला अमेरिकेत कोणी विचारत नव्हते. त्यांचे आधीचे दोन्ही अल्बम फक्त जपानमध्ये निघाले होते, आणि ज्याच्या गिटारीवर बँड उभा होता तो रँडी ऱ्होड्स आधी गायक ऑझी ऑस्बोर्नच्या बँडकडे गेला आणि मार्च १९८२ मध्ये फ्लोरिडातील विमान अपघातात दगावला. अशा मोडलेल्या संसारातून उभा राहिलेला हा अल्बम २६ नोव्हेंबर १९८३ च्या बिलबोर्ड यादीत, म्हणजे अमेरिकेतील अल्बमांच्या खपाच्या यादीत, द पोलीस या बँडच्या 'सिंक्रोनिसिटी'ला हटवून पहिला आला. त्याच वर्षी डेफ लेपर्डचा 'पायरोमेनिया' कितीतरी अधिक घोटून केलेला असूनही दुसऱ्या क्रमांकापुढे सरकू शकला नाही. हेवी मेटलला मिळालेले हे पहिले अव्वलपद नशिबाच्या खाती टाकणे मला मान्य नाही.

तिरकसबुवा
आपल्या झोपेबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहे. मात्र 'पहिले' हा शब्द जपून वापरावा. लेड झेपेलिन १९६९ मध्येच पहिल्या क्रमांकावर होते आणि एसी/डीसी डिसेंबर १९८१ मध्ये. ते हेवी मेटल नव्हेत असे म्हणायचे आणि क्वायट रायट तेवढे हेवी मेटल, हा निकाल आधी लावून मग लिहिलेला कायदा झाला. अव्वलपदही एकाच आठवड्याचे; पुढच्याच आठवड्यात गायक लायोनेल रिची तेथे बसला. आणि ज्या 'कम ऑन फील द नॉइझ'ने हा चमत्कार घडवला, ते नॉडी होल्डर आणि जिम ली यांचे गाणे त्यांच्याच स्लेड या ब्रिटिश बँडने १९७३ मध्येच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले होते. घर दुसऱ्याचे, उंबरठ्यावर पाटी यांची.

पेठेतला गिटारवाला
मुद्दा उसन्या गाण्यांचा निघालाच आहे, म्हणून लिहितो. महाविद्यालयात असताना आमचा चौघांचा बँड होता. आम्ही स्वतःची सात गाणी बसवली होती आणि प्रत्येक कार्यक्रमात तिसऱ्या गाण्यापर्यंत श्रोते शांतपणे समोसे खात असत. कोणा परदेशी बँडचे गाणे सुरू केले की तेच श्रोते खुर्च्यांवर चढत. एका स्पर्धेत तर परीक्षकांनी आम्हाला सांगितले की तुमची स्वतःची गाणी चांगली असतील, पण ती 'ओळखीची' नाहीत. ती सात गाणी आज कोणालाही येत नाहीत, मलासुद्धा धड येत नाहीत. त्यामुळे उसन्या गाण्यावर मोठे झालेल्यांविषयी माझ्या मनात दया नाही.

विलंबित
आपल्या सात गाण्यांविषयी सहानुभूती आहे, परंतु त्याची शिक्षा क्वायट रायटने का भोगावी? एकच बंदिश दहा गायक गातात, तेव्हा आपण त्यांना चोर म्हणत नाही. मांडणी कोणाची रंगली एवढेच पाहतो. स्लेडचे गाणे नाचायला लावणारे होते. क्वायट रायटच्या फ्रँकी बनालीच्या ड्रम्सने त्याला छातीवर आदळणारे वजन दिले.

तिरकसबुवा
बंदिशीचा दाखला येथे अजिबात लागू नाही. बंदिशीत राग उलगडावा लागतो. येथे तेच कडवे, तीच चाल, फक्त आवाज मोठा. मांडणी एवढी थोर होती, तर १९८४ च्या 'कंडिशन क्रिटिकल' या पुढच्या अल्बममध्ये पुन्हा स्लेडचेच दार का ठोठावले? ज्याला राग आणि आरडाओरडा यांतील फरक कळत नाही, त्याने ख्यालाच्या गोष्टी करू नयेत.

विलंबित
मी वीस वर्षे शिकलो आहे. आपण किती, ते कृपया सांगावे. नसेल सांगायचे तर निदान भाषा सांभाळावी.

जुनी कॅसेट
दोघांनीही थोडे पाणी प्यावे. आपण सर्व जण विसरत आहोत की ते गाणे बँडला नकोच होते. निर्माता स्पेन्सर प्रॉफरने आग्रह धरला. गायक केविन डुब्रोला ते मुळीच आवडत नव्हते आणि ते मुद्दाम वाईट वाजवून टाळण्याचा बेत होता, ही हकीकत बँडमधील लोकांनीच पुढे सांगितली आहे. बेत फसला आणि गाणे अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. शिवाय स्लेडचे यात नुकसान झाले नाही. त्यानंतरच, १९८४ मध्ये, त्यांचे स्वतःचे गाणे प्रथमच अमेरिकेच्या पहिल्या विसांत पोहोचले.

माझ्या थोरल्या भावाने हा अल्बम कोऱ्या कॅसेटवर उतरवून आणला होता. फीत अपुरी पडली आणि शेवटचे 'थंडरबर्ड' मध्येच तुटले. ते गाणे ऱ्होड्ससाठी आहे, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. भाऊ गेल्यानंतर ते प्रथमच पूर्ण ऐकले, आणि तेव्हापासून हा अल्बम चांगला की वाईट हे मला नीट सांगता येत नाही.

पेठेतला गिटारवाला
बेत आखूनही जे वाईट वाजवता आले नाही, त्याला गुण द्यावे लागतील. आमचे उलट होत असे.

वज्रनाद
जुनी कॅसेट यांचे आभार. 'पहिले' या शब्दावर मी एक पाऊल मागे घेतो: एसी/डीसीला ज्यांना हेवी मेटल म्हणायचे असेल, त्यांनी खुशाल म्हणावे. तरीही मे १९८३ मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या यूएस फेस्टिव्हलमध्ये मेटलच्या दिवशी ज्यांना सर्वांत आधी, म्हणजे रणरणत्या उन्हात, वाजवायला उभे केले होते, ते सहा महिन्यांत यादीच्या माथ्यावर होते. त्यामागे एक गाणे होते, हे मान्य. पण 'बँग युअर हेड' हे अल्बमचे शीर्षकगीत त्यांचे स्वतःचेच होते आणि मुखवटा घातलेला तो वेडा मुखपृष्ठावरून घराघरांत गेला, तो काही स्लेडचा नव्हता.

तिरकसबुवा
विलंबित यांना उद्देशून लिहिलेले शेवटचे वाक्य मी मागे घेतो. बंदिशीबद्दलचे मत मागे घेत नाही. जुनी कॅसेट यांच्या सांगण्यावरून 'थंडरबर्ड' आज पुन्हा ऐकले. वाईट नाही. म्हणजे भरताड नऊ गाण्यांची नव्हे, आठांची. 'बँग युअर हेड'चा विचार रविवारी करीन.