जठराच्या बायपासनंतर वजन परत चढतंय? आधी जोडाचं तोंड मोजा
वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया केली आणि नंतर वजन परत वाढलं, तर पुन्हा पोट उघडावंच लागतं का, असं विचारलं जातं. लगेच नाही. आधी एंडोस्कोपीत (तोंडातून दुर्बीण घालून) पाऊच, म्हणजे बायपासमध्ये जठराची केलेली छोटी पिशवी, आणि आतडं यांच्या जोडाचं तोंड मोजून घ्या. ते १५ मिमीपेक्षा रुंद असेल तर अन्न पाऊचमध्ये टिकत नाही, भूक लवकर लागते. अशा वेळी तोंडाची जठराच्या बाजूची कड एंडोस्कोपीतूनच आर्गॉन प्लाझ्माने (विजेचा प्रवाह वाहणाऱ्या आर्गॉन वायूच्या झोताने) भाजतात आणि ८ ते १० मिमीच्या फुग्यावर बटव्याच्या नाडीसारखा टाका आवळतात. फुगा हवाच, अंदाजाने आवळलं तर तोंड फार अरुंद होऊन उलट्या सुरू होतात. नंतरचे काही आठवडे पातळ आहार मनापासून पाळा, घाईने घन खाल्लं की टाके ओढले जातात. पाऊच आणि बाजूला ठेवलेल्या जुन्या जठरामध्ये मोठा फिस्टुला (दोन्हींना जोडणारं नको असलेलं भोक) असेल तर मात्र एंडोस्कोपीने बुजवलेलं भोक बहुतेकदा पुन्हा उघडतं, तिथे शस्त्रक्रियाच बरी.