पीटीएसडीसाठी टीएमएस: १ हर्ट्झ की १० हर्ट्झ?

चकवा: टीएमएस म्हणजे डोक्यावर ठेवलेल्या कॉइलच्या चुंबकीय पल्सनी मेंदूला चेतवणं. नैराश्यात ही कॉइल डाव्या कपाळावर ठेवतात, पीटीएसडीच्या (आघातानंतरच्या ताणविकाराच्या) बहुतेक अभ्यासांत उजव्या. पण कुणी १ हर्ट्झ (सेकंदाला एक पल्स) देतं, कुणी १०. सुरुवात कशाने करावी? आणि जागा नेमकी कशी मोजायची?

खोडरबर: १ हर्ट्झने. उजवीकडे दोन्ही गतींनी लक्षणं उतरल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे 'तिकडचा मेंदू तापलाय, तो थंड करायचा' हे स्पष्टीकरण फार ताणू नका. १ हर्ट्झला फिट येण्याचा धोका कमी, आणि स्फोटात डोक्याला मार बसलेल्या सैनिकांत तेच महत्त्वाचं. कोझेल यांच्या २०१८ च्या अमेरिकी चाचणीत अर्ध्या तासात १८०० पल्स, थ्रेशोल्डच्या (अंगठा हलवणाऱ्या किमान तीव्रतेच्या) ११० टक्क्यांवर, आणि लगेच सीपीटीचं (आघाताबद्दलचे विचार तपासणाऱ्या थेरपीचं) सत्र असा क्रम होता. खोट्या कॉइलनंतर सीपीटी घेणाऱ्यांपेक्षा या गटाला जास्त उतार पडला.

जागेसाठी 'हॉटस्पॉटपासून ५ सेंमी पुढे' ही पद्धत सोडून द्या (हॉटस्पॉट म्हणजे जिथे पल्स दिल्यावर अंगठा हलतो ती जागा). मोठ्या डोक्यात कॉइल मागच्या, हालचालींशी संबंधित प्रीमोटर भागावरच राहते. टेपने तीन मापं घ्या: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, कानापासून कानापर्यंत, आणि घेर. बीम पद्धतीचं सॉफ्टवेअर त्यावरून एफ३ चं, म्हणजे डाव्या कपाळावरच्या लक्ष्यबिंदूचं, अंतर काढून देतं. तेच उजवीकडे घेतलं की एफ४.

तांब्याची तार: थ्रेशोल्डही उजव्या मेंदूचाच काढा, म्हणजे डावा अंगठा बघायचा. १० पैकी ५ वेळा हलेल ती सर्वांत कमी तीव्रता. सवयीने उजवा हात बघितला की पूर्ण कोर्सचा डोस चुकतो. रात्रभर झोप नाही, दारू नुकतीच सोडली, बुप्रोपिऑन (नैराश्यावरचं औषध) सुरू झालं, यातलं काहीही असेल तर फिटचा धोका वाढतो; त्या दिवशी थांबा, डॉक्टरांना विचारा. डोक्यात छर्रे असण्याची शंका असेल तर आधी एक्स-रे.

आणि कॉइलची टकटक! दचकणं हे या आजाराचंच लक्षण. इअरप्लग घाला, पहिला पल्स हवेत ऐकवा, तीव्रता पहिल्या काही सत्रांत हळूहळू चढवा.

चकवा: मग थेरपी चालू असताना कॉइल जोडली की फायदा होणारच?

खोडरबर: नाही. २०२१ च्या इसर्लेस यांच्या चाचणीत आघाताची आठवण जागवून लगेच डीप टीएमएस (जास्त खोल पोचणारं टीएमएस) दिलं, लक्ष्य मेंदूच्या पुढच्या भागाचा मध्य. दोन्ही गट सुधारले, पण खोट्या कॉइलचा गट जास्त! टीएमएसला अमेरिकेच्या औषध नियामकाची (एफडीए) मंजुरी नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि ओसीडीसाठी (मंत्रचळासाठी) २०१८ मध्ये मिळाली. अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण विभागांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत पीटीएसडीसाठी पुरावा अपुरा ठरवला आहे. पहिली निवड आघातकेंद्री थेरपीच.