सोसायटी ग्रुप : चिलखत खरंच वाचवायचं का?

बी-२०३ : शिवजयंतीच्या नाटुकल्यासाठी पोशाखांची यादी करतेय. अंगरखा, मंदील, शेला, ढाल एवढं झालं. चिलखत ठेवायचं का? प्रसंग प्रतापगडाचा आहे, पण अंगरख्याच्या आतलं प्रेक्षकांना दिसणारच नाही. शिवाय मुलांना उकडतं.

बी-७०२ : काढून टाका ताई. तसाही चिलखताचा फार उपयोग नसायचा. सिरियलमध्ये बघा, एका वारात माणूस आडवा. बाण तर आरपार. नुसतं ओझं.

ए-१०१ : अरे, चिलखत काढलंस तर त्या प्रसंगात राहिलं काय? १० नोव्हेंबर १६५९. खानाने मिठीत घेऊन महाराजांची मान बगलेत दाबली आणि कुशीत कट्यार चालवली. ती वरच्या वर खरखरत गेली, आत शिरली नाही. अंगरख्याखाली लोखंडी कड्यांचं चिलखत होतं, मंदिलाखाली लोखंडी टोप होता. वाघनखांबद्दल आपण सगळे बोलतो. पण वाघनखं चालवायची वेळ येईपर्यंत महाराजांना राखलं ते त्या कड्यांनी. मुलांना हे दाखवायलाच हवं. बी-२०३, प्रवेशाच्या सुरुवातीला महाराज चिलखत चढवतानाच दाखव. नेटच्या कापडाला चंदेरी रंग मारला की काम होतं, उकडतही नाही.

बी-२०३ : हे छान आहे काका. तसंच करते.

बी-७०२ : काका, प्रतापगडाचं मान्य. पण ती समोरासमोरची भेट होती, एकच वार. खऱ्या लढाईचं काय? अजिनकोर्ट, १४१५. फ्रेंच सरदार नखशिखांत पोलादात होते आणि इंग्रज तिरंदाजांनी त्यांची दाणादाण उडवली. त्या तिरंदाजांच्या अंगावर जेमतेम काही होतं.

ए-१०१ : सविस्तर लिहितो, जेवण झालं की. माझी अख्खी नोकरी पोलाद तापवून त्याला पाणी देण्यात गेली आहे. या विषयावर कुणी असं सहज बोललं की मला राहवत नाही.

सेक्रेटरी : सर्वांसाठी सूचना. उद्या गच्चीवरच्या टाकीची सफाई आहे. सकाळी १० ते १ पाणी बंद राहील. कृपया भरून ठेवावे.

ए-१०१ : हं. आधी कड्यांच्या चिलखताचं बघू, कारण आपल्याकडे तेच जास्त होतं. एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते. चांगल्या चिलखतात प्रत्येक कडीची दोन टोकं एकमेकांवर आणून, ठोकून चपटी करून, भोक पाडून त्यात बारीक रिव्हेट (ठोकून पक्का केलेला खिळा) मारलेलं असतं. हजारो कड्या, प्रत्येकीला एक रिव्हेट. तलवारीची धार मांसावर ओढली जाते तेव्हा कापते. रिव्हेटच्या कड्यांवर ती ओढली तर कापायला काही सापडतच नाही. सिरियलमधला तो एका वारातला चिरा प्रत्यक्षात पडत नव्हता.

मग काय व्हायचं? वाराचा दणका आत पोचायचा. हाड मोडायचं, काळंनिळं पडायचं. म्हणून आत कापूस भरून टाचलेला जाड अंगरखा असायचाच. चिलखत म्हणजे हे दोन्ही मिळून, नुसत्या कड्या नव्हेत. दुसरा धोका अणकुचीदार टोकाचा. एका कडीत टोक घुसवून रिव्हेट फोडायचं. आपल्या कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. जुन्या कट्यारी बघ, बऱ्याच पात्यांचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. पेशकब्ज नावाच्या खंजिराच्या पात्याची पाठ तर इतकी जाड की ते वाकत नाही, आणि टोक सुईसारखं निमुळतं. हे हत्यार उघड्या अंगासाठी बनवलेलंच नाही. चिलखत निरुपयोगी असतं तर लोहाराने एवढी खटपट कशासाठी केली असती?

बी-७०२ : आणि बाण?

ए-१०१ : बाणाचंही ऐक. ११९१ साली अर्सूफला सुलतान सलाहुद्दीन आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड यांची लढाई झाली. सलाहुद्दीनच्या पदरचा बहाउद्दीन तिथे हजर होता. त्याने स्वतः पाहिलेलं लिहून ठेवलंय की शत्रूचे पायदळ शिपाई अंगात एकापासून दहापर्यंत बाण रुतलेले असताना रांग न मोडता चालत होते. जाड नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) अंगरखा, वर कड्या. बाण अडकले, मांसापर्यंत गेले नाहीत. ही साक्ष विरुद्ध बाजूच्या माणसाची आहे, म्हणून मी तिला जास्त किंमत देतो.

डी-३०१ : काका, फार चांगला विषय काढलात. मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून आपल्या भूमीवरची दोन उदाहरणं देते. इ.स.पू. ३२६, झेलमच्या काठी पोरस आणि अलेक्झांडर. ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो की पोरसचं कवच इतकं भक्कम आणि अंगाबरोबर बसणारं होतं की बाण-भाले त्याला लागू शकले नाहीत. जखम झाली ती उजव्या खांद्याला, कारण तेवढाच भाग उघडा होता.

त्यानंतर काही महिन्यांतच अलेक्झांडर पंजाबातल्या मल्ल जमातीच्या गढीत भिंतीवरून जवळजवळ एकटा उतरला आणि एक बाण त्याचं छातीचं कवच फोडून आत गेला. मरता मरता वाचला. म्हणजे एकाच मोहिमेत एका राजाला कवचाने तारलं आणि दुसऱ्याच्या कवचाने हात टेकले.

बी-७०२ : बघा! दुसरं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

डी-३०१ : आहेच. आपल्याकडचं धनुष्य माणसाएवढं उंच असायचं. तिरंदाज त्याचं खालचं टोक जमिनीवर टेकवायचा आणि डाव्या पायाने दाब देऊन दोरी ओढायचा. त्या बाणापुढे ढालही टिकत नाही आणि कवचही टिकत नाही, असं ग्रीकांनीच नोंदवलंय. मल्लांचा तो बाण नेमका अशाच धनुष्याचा होता असा माझा दावा नाही. पण जवळून मारलेला जोरदार बाण कवच फोडू शकत होता, हे नाकारता येणार नाही. इ.स.पू. ५३ मध्ये कॅऱ्हीच्या लढाईत पार्थियन (त्या काळच्या इराणी) तिरंदाजांनी रोमन पलटणींची तीच गत केली.

आणखी एक सांगते, हे मला वर्गात सांगायला फार आवडतं. इ.स.पू. ४७९, प्लेटियाची लढाई. इराणी घोडदळाचा सरदार मॅसिस्टियस घोड्यावरून पडला. अथेनियन लोकांनी त्याला घेरलं, वारांवर वार केले, पण तो मरेना. वर जांभळा अंगरखा आणि त्याच्या आत सोन्याच्या खवल्यांचं कवच! शेवटी कुणीतरी डोळ्यात भोसकलं तेव्हा तो गेला. अंगरख्याच्या आत कवच लपवण्याची युक्ती प्रतापगडाच्या दोन हजार वर्षं आधीची आहे.

सी-६०३ : उशिरा बघतेय, ओपीडी होती. हा डोळ्याचा मुद्दा माझ्या कामातला आहे. मी हाडांची डॉक्टर, त्यामुळे मला कवचांपेक्षा सांगाडे जास्त बोलके वाटतात. स्वीडनच्या गोटलँड बेटावर व्हिस्बी गावाबाहेर १३६१ साली लढाई झाली. तिथल्या सामुदायिक कबरींतून ११८५ माणसांचे अवशेष निघाले. जुलैचे दिवस होते, प्रेतं लवकर खराब होत होती, म्हणून बऱ्याच जणांना कवचासकट पुरलं असं मानतात. त्या हाडांवर नडगीच्या जखमा खूप आहेत. ढाल वर धरली, धडावर कवच, डोक्यावर कड्यांची टोपी, आणि गुडघ्याखाली काहीच नाही. मारणाऱ्याने जिथे पोलाद नव्हतं तिथे तलवार फिरवली.

सी-६०३ : दुसरं उदाहरण त्याहून स्पष्ट. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड, १४८५ मध्ये बॉसवर्थला पडला. त्याचा सांगाडा २०१२ साली लेस्टरमध्ये एका पार्किंगच्या जागेखाली सापडला. अकरा जखमा, त्यातल्या नऊ कवटीवर. पण हात आणि पंजे पाहा, त्यांच्यावर बचावाची एकही जखम नाही. धारदार हत्याराने हल्ला होतो तेव्हा माणूस हात आडवे घालतोच, आणि पंजे-मनगटं कापली जातात. कॅज्युअल्टीत आम्ही हे नेहमी बघतो. ती जखम इथे नाही, म्हणजे हातावरचं पोलाद शेवटपर्यंत जागेवर होतं. गेलं होतं ते फक्त शिरस्त्राण.

टाउटनच्या १४६१ च्या लढाईतली एक कबर १९९६ मध्ये उघडली, तिथेही कवट्यांवरच वारांची गर्दी. पळताना शिरस्त्राण पडलं असेल किंवा श्वास घ्यायला काढलं असेल.

ए-४०४ : डॉक्टर, हे वाचून अंगावर काटा आला. पण मग हेही सांगा, एवढं लोखंड घालून माणूस हलायचा कसा? आम्ही तर असं ऐकलंय की सरदारांना दोरखंडाने उचलून घोड्यावर बसवायचे.

ए-१०१ : ती निव्वळ दंतकथा आहे. पंधराव्या शतकातला पूर्ण पत्र्याचा युरोपियन पोशाख साधारण २० ते २५ किलो भरायचा. आजचा पायदळातला जवान पाठीवर एवढं किंवा याहून जास्त वाहतो. त्यात तो पत्रा चामड्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक अवयवाला वेगळा बांधलेला असायचा, त्यामुळे वजन अंगभर वाटलं जायचं. तरबेज माणूस त्यात धावायचा, घोड्यावर स्वतः चढायचा. जाडीचंही शहाणपण बघा. छातीवर मधोमध दोन-अडीच मिलिमीटर, हातापायांवर एकच्या आसपास. जिथे मरण, तिथे जाडी. पुढे पत्रा उतरता ठेवायचे, म्हणजे टोक घसरून बाजूला जावं. हे काम मी हातोड्याखाली बघितलंय. एकाच तुकड्यात जाडी अशी कमीजास्त राखणं आणि वर त्याला बरोबर पाणी देणं सोपं नाही. पाणी कमी पडलं तर पत्रा मऊ राहतो आणि जास्त झालं तर काचेसारखा तडकतो. दोन कवचं दिसायला सारखी असली तरी एक बाण परतवायचं आणि दुसरं फुटायचं, त्याचं कारण बहुतेक वेळा भट्टीतच असायचं.

बी-७०२ : काका, मी आत्ता शोधलं. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये एक प्रयोग झालाय. १६० पौंड ताणाचं धनुष्य, जुन्या पद्धतीचे बाण आणि त्या काळासारखं घडवलेलं छातीचं कवच. छातीचा पत्रा एकाही बाणाने भेदला नाही. बाणच फुटले. पण पत्र्याखाली जिथे नुसत्या कड्या होत्या तिथे बाण आत गेले. मग अजिनकोर्टला फ्रेंच मेले कशाने?

ए-१०१ : चिखलाने. आणि दमछाकीने. रात्रभर पाऊस झालेला, नुकतं नांगरलेलं शेत, दोन्ही बाजूंना झाडी. त्यातून सरदार पायी चालत आले. बाणांपासून डोळे वाचवायला मान खाली आणि टोपाची झडप बंद, म्हणजे हवा कमी. पुढे जाताना जागा निमुळती होत गेली, मागचे ढकलत होते, हात उचलायला जागा नाही. जिथे बाणांनी घोडे जखमी झाले तिथे ते उधळून आपल्याच माणसांत घुसले. आणि अशा थकून पडलेल्या माणसांवर तिरंदाज धनुष्यं टाकून हातोडे, कुऱ्हाडी, खंजीर घेऊन धावले. झडपेच्या फटीतून, काखेतून भोसकलं. बाणाने त्यांना दमवलं आणि अडवलं. जीव गेला तो बहुतेकांचा जवळून. हेल्मेट घातलेला माणूस अपघातात गेला म्हणून आपण हेल्मेट निकामी ठरवत नाही, तसंच हे.

डी-३०१ : दमछाकीत उन्हाचाही भाग मोठा आहे. ११८७ च्या जुलैत पॅलेस्टाइनमधल्या हत्तीन गावाजवळ क्रुसेडर (युरोपातले ख्रिस्ती धर्मयोद्धे) पाण्यावाचून, भर उन्हात, चिलखतासकट अडकले आणि आख्खं सैन्य हातचं गेलं. तिथे कवच भेदायची गरजच पडली नाही. आपल्या मराठा स्वारांचा भर हलक्या सरंजामावर होता, त्याचाही विचार करा. घाटमाथा, लांब दौड, तट्टू. अंगावरचं दहा-बारा किलो लोखंड म्हणजे घोड्याचा एक टप्पा कमी. सेनापती आणि मानकऱ्यांकडे चिलखतं होती, पण पथकाचा खरा बचाव वेगात होता.

बी-७०२ : माझा मुद्दा आता इथे येतो. चिलखत चांगलं होतं, पण ते होतं कुणाकडे? हजारो कड्या रिव्हेट करायच्या तर कारागिराचे महिने जाणार. साध्या प्याद्याला ते परवडणारच नाही. इराणचा बादशहा झेरक्सिस याच्या फौजेतल्या हिंदी शिपायांबद्दल ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो, सुती कपडे आणि वेताचे धनुष्य. बस. म्हणजे लढाईत मरणाऱ्या बहुतेकांसाठी चिलखत चांगलं की वाईट हा प्रश्नच नव्हता.

ए-१०१ : हे तू लाख बोललास. ढाल आणि कापूस भरलेला अंगरखा, गरिबाचं कवच तेवढंच. आणि तेही अगदीच कमी नाही. कापसाचे टाचलेले थर बाणाचा जोर खातात.

बी-२०३ : आमचा धाकटा विचारतोय, हत्तीला चिलखत असायचं का?

डी-३०१ : हो! इंग्लंडमध्ये लीड्सच्या संग्रहालयात आपल्याकडूनच नेलेलं हत्तीचं चिलखत आहे. काही भाग हरवलाय, तरी ११८ किलो भरतं. हजारो छोट्या पोलादी पट्ट्या कड्यांनी जोडलेल्या. मद्रासच्या गव्हर्नरची बायको लेडी क्लाइव्ह हिने ते १८०१ मध्ये तिकडे नेलं.

ए-४०४ : बंदुका आल्यावर मात्र सगळं संपलं ना?

ए-१०१ : लगेच नाही. युरोपातले कारागीर नव्या कवचावर स्वतः गोळी झाडायचे आणि पडलेला खळगा तसाच ठेवून विकायचे, गिऱ्हाइकाला खात्री पटावी म्हणून. पण गोळी थोपवायची तर पत्रा जाड हवा, आणि सगळं अंग जाड पत्र्याने झाकणं शक्य नाही. म्हणून सतराव्या शतकात हातापायांवरचं पोलाद गेलं. छाती-पाठ आणि टोप राहिला.

सी-६०३ : काका, फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे. अकबराचं कवच आणि ढाल तिथे आहे. रविवारी मुलांना नेऊया का?

ए-१०१ : नेऊया. मी येतो. कड्या रिव्हेटच्या आहेत की नुसत्या दाबलेल्या, ते काचेतूनही ओळखता येतं. मुलांना दाखवीन.

बी-७०२ : मी पण. आणि कट्यारीचं ते जाड टोक बघायचंय.

बी-२०३ : आमचे तिघे. अजून कोण येतंय, शुक्रवारपर्यंत नावं कळवा.