जनगणनेत बाप आहे, लग्नाच्या दाखल्यावर मात्र रेघ

स्विंडनकरीण

नमस्कार मंडळी,

मी मूळची नाशिकची. एकवीस वर्षं झाली, इंग्लंडात स्विंडनला असते, नवरा इथलाच. गेल्या उन्हाळ्यात लेकीला घेऊन माहेरी गेले, तेव्हा बाबांनी आम्हाला तीर्थोपाध्यायांकडे नेलं. गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं, वही उलगडली आणि माझ्या पणजोबांची मोडीतली सही पुढे केली. लेक कितीतरी वेळ त्या सहीवरून बोट फिरवत होती. परत आल्यावर तिने माझ्या सासऱ्यांना विचारलं, "ग्रँडॅड, तुमची वही कुठे आहे?"

तेव्हापासून मी सासऱ्यांची वंशावळ शोधायच्या कामाला लागले आहे. सासरे ऐंशीचे आहेत, त्यामुळे घाईही आहे.

इथल्या जनगणनांतून १९२१ पासून १८५१ पर्यंत मागे जाणं सोपं गेलं. १९११ चा फॉर्म तर घरातल्याच माणसाने भरलेला, सासऱ्यांच्या पणजोबांच्या हातचा. लग्नाला ३४ वर्षं, मुलं झाली ९, हयात ६. ती तीन गेलेली मुलं सासऱ्यांना ठाऊकच नव्हती. त्या संध्याकाळी ते फारसं बोलले नाहीत.

अडलंय ते खापरपणजोबा विल्यमपाशी. (आडनाव इथे लिहीत नाही.) १८४१ च्या जनगणनेत तो विल्टशायरमधल्या रॅम्सबरी गावी आहे. घरात ४५ वर्षांचा शेतमजूर, ४० ची मेरी, मग विल्यम १५, आणि १४, ११, ८ व २ वर्षांची मुलं. सगळ्यांचं आडनाव एकच. मी आनंदाने बापाचं नाव लिहून टाकलं. मग त्याचा १८४६ चा लग्नाचा दाखला आला. बापाचं नाव आणि बापाचा धंदा, या दोन्ही रकान्यांत आडवी रेघ!

त्यात जन्मगाव दर वेळी वेगळं. १८५१ ला वय २९, जन्म रॅम्सबरी. १८६१ ला ३७, ऑल्डबोर्न. १८८१ ला ५८, हंगरफर्ड, बर्कशायर. बायको आणि रेल्वे कारखान्यातलं काम तेच, म्हणजे माणूस एकच. रॅम्सबरीच्या चर्चच्या वहीत १८२० ते १८२८ सगळं पाहिलं, त्याचा बाप्तिस्मा नाही. मी कुठे चुकतेय?

लेस्टरचा_नाना

वयाची काळजी सोडा. १८४१ ला पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती. १९ चा मुलगा १५ लिहिला जाई. त्यामुळे १८५१ च्या २९ शी ते जुळतं, जन्म १८२१-२२ चा धरा. रेघेचं म्हणाल तर बाप १८४६ आधी वारला असेल.

जुनी_पानं

नाना, बाप वारला असला तरी नाव लिहायची पद्धत होती, कित्येकदा पुढे 'मयत' असा शेराही असतो. रेघेचा अर्थ बहुधा वेगळा असतो.

ताई, मी गेली काही वर्षं फ्रीरेगसाठी (चर्चच्या जुन्या नोंदींचं मोफत संकेतस्थळ) चर्चच्या वह्या उतरवून देते. तुमचं कोडं ओळखीचं वाटलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१८४१ च्या जनगणनेत नात्याचा रकानाच नाही. कुटुंबप्रमुखाशी नातं, नेमकं वय आणि जन्माची पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावभाग) हे १८५१ पासून आलं. म्हणजे "बाप" हा शब्द त्या कागदावर नाही, तो तुम्ही वाचलात. घरातली वयं पुन्हा बघा. पंधराच्या खालची वयं खरी लिहीत, तेव्हा १४ म्हणजे १४. विल्यम मात्र १९ चा. मधली पाच वर्षं रिकामी आहेत, पुढची दोन मुलं मात्र तीन-तीन वर्षांनी आहेत. मला वाटतं विल्यम मेरीचा लग्नाआधीचा मुलगा असावा आणि तो माणूस सावत्र बाप. आडनाव घरात राहून चिकटलं. लग्नाच्या वेळी मात्र व्हिकरने (चर्चच्या पाद्र्याने) बापाचं नाव विचारलं आणि त्याने खोटं सांगितलं नाही. त्या रेघेबद्दल मला तरी त्याचा आदर वाटतो.

आता मेरीचं माहेरचं आडनाव हवं. ते तुमच्या दोन वर्षांच्या बाळाकडे आहे! सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली, हे बाळ १८३८-३९ चं. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ नंतरच सापडतं, पण सरकारी नोंदणी कार्यालयाची २०१६ पासूनची ऑनलाइन सूची ते १८३७ पासून देते. बघायला पैसे पडत नाहीत. फक्त जिल्हा 'हंगरफर्ड' निवडा. रॅम्सबरी विल्टशायरमध्ये असलं तरी नोंदणीसाठी हंगरफर्डखाली होतं. १८८१ ला "हंगरफर्ड" आलं ते त्यामुळेही असेल.

स्विंडनकरीण

सापडलं!! बाळाच्या नोंदीत माहेरचं आडनाव आहे, आणि ते अगदी वेगळंच आहे. हात थरथरत होते. ते आडनाव घेऊन रॅम्सबरीची वही पुन्हा चाळली. १८२५ च्या नोव्हेंबरात मेरीचं लग्न आहे, "अविवाहित" म्हणून. पण त्या आडनावाचा विल्यम रॅम्सबरीत नाही, ऑल्डबोर्नलाही नाही.

केनेटकाठ

ताई, मी तिथून जवळच राहतो. कागद बाजूला ठेवा आणि नकाशा घ्या. रॅम्सबरी, ऑल्डबोर्न आणि हंगरफर्डवर टिंब द्या. रॅम्सबरी नि हंगरफर्डच्या मधोमध, केनेट नदीवर, चिल्टन फोलिएट आहे. या पॅरिशचा काही भाग विल्टशायरमध्ये, काही बर्कशायरमध्ये होता. तिथे जन्मलेल्या माणसाने एकदा हा परगणा आणि एकदा तो सांगितला तर नवल नाही. लोक परक्याला जवळचं मोठं गाव सांगतात. आपण नाही का मुंबईत "नाशिकचा" म्हणतो आणि निघतो निफाडचे?

जुनी_पानं

केनेटकाठ यांचं मला पटलं. ताई, बाप्तिस्मा बघताना एक ध्यानात ठेवा. १८१३ पासून छापील फॉर्म आला, त्यात आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि धंदा असे रकाने आहेत. लग्नाविना झालेल्या मुलाच्या नोंदीत बहुधा फक्त आईचं नाव असतं आणि धंद्याच्या जागी 'अविवाहित स्त्री'. वही फाटकी असली तर बिशपकडे दर वर्षी पाठवलेली नक्कल शोधा. १५९८ पासून ती प्रथा होती. आडनाव गणनादाराने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, व्हिकरनेही. स्पेलिंगवर विसंबू नका.

स्विंडनकरीण

आज चिपनमच्या विल्टशायर अभिलेखागारात जाऊन आले. घरी पोचायच्या आधी गाडीतूनच लिहितेय (नवरा चालवतोय).

चिल्टन फोलिएट, १८२२. विल्यम, मेरीचा मुलगा. बापाचं नाव नाही. धंद्याच्या रकान्यात तेच दोन शब्द, तुम्ही सांगितलेत ते. आडनावात एक अक्षर कमी आहे, म्हणून संगणकाच्या शोधात तो कधी आला नसता.

रॅम्सबरीच्या १८२५ च्या लग्नाची मूळ नोंदही पाहिली. सहीच्या जागी नवऱ्याची फुली, मेरीची फुली. तिची फुली तिरकी, एक रेघ लांब आणि दुसरी अगदी आखूड. तीन वर्षांचं पोर पदरात घेऊन ती तिथे उभी होती आणि त्या माणसाने पोराला आपलं नाव दिलं.

सासऱ्यांना सांगावं की नाही, याचा मला घोर होता. त्यांच्या वयाच्या माणसाला हे ऐकून काय वाटेल? फोन केला, सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिचं आडनाव सांग, एकेक अक्षर सांग, मी लिहून घेतो." आमच्या वंशावळीत ते आडनाव आता सगळ्यात वर येईल.

एक शेवटचं विचारते. विल्यमचा बाप कोण, हे कुठे कळू शकेल?

जुनी_पानं

शक्य आहे, खात्री देत नाही. १८३४ आधी अशा मुलाचा खर्च पॅरिशवर पडू नये म्हणून गरिबांचे ओव्हरसियर (पॅरिशचा गरिबांवरचा खर्च सांभाळणारे) आईला न्यायाधीशापुढे नेत, तिच्याकडून शपथेवर बापाचं नाव घेत आणि त्या पुरुषाकडून पैशाची हमी लिहून घेत. तो कागद चर्चच्या पेटीत राही. पेट्यांतले पुष्कळ कागद आता त्याच अभिलेखागारात आहेत. चिल्टन फोलिएटचे ओव्हरसियरचे कागद म्हणून मागा. बाप्तिस्म्याच्या आधीचे-नंतरचे महिनेही बघा.

स्विंडनकरीण

पुढच्या मंगळवारी जातेय. लेकीला सुट्टी आहे, तीही येईल. आणि सासरे. चष्मा बदलून घेतलाय त्यांनी, मेरीची फुली नीट दिसावी म्हणून.