सल्ला हवा: बारावीच्या मुलांकडून स्वतःविषयी कसं लिहून घ्यावं?

मराठीचा_तास (पलूस)
नमस्कार. बारावीला मराठी शिकवते. युवकभारतीत उपयोजित मराठी आहे, त्यामुळे अहवाल, माहितीपत्रक, वृत्तलेख मुलं बऱ्यापैकी लिहितात. स्वतःविषयी लिहा म्हटलं की मात्र हात थांबतो. 'माझा अविस्मरणीय दिवस' दिला तर गाइडमधला दिवस येतो, नाहीतर मोबाइलवरून तयार करून घेतलेला. दिवाळीनंतर थोडे तास मिळतील. काय लिहायला द्यावं, आणि तपासावं कसं? एखादीने घरातलं दुखणं लिहिलं तर काय करावं?

आयर्विनकाठ (सांगली)
मॅडम, मोठा विषय दिला की मुलं मोठे शब्द शोधतात. पुरावर लिहा म्हटलं की पहिल्याच ओळीत 'निसर्गाचे रौद्र रूप' येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. आताची बारावीची मुलं तेव्हा पाचवी-सहावीत होती, त्यांना सगळं आठवतं. मी एवढंच विचारतो: पाणी वाढतंय म्हटल्यावर घरात कोणी काय आधी माळ्यावर टाकलं?

एका मुलीने लिहिलं, आईने तांदळाचं पिंप जिन्यापर्यंत ढकलत नेलं, आजी शिलाई मशीन सोडून उठायलाच तयार नव्हती. मशीन खालीच राहिलं. चिखल धुतल्यावर चाक फिरेना, तर वडील रोज संध्याकाळी त्यात थोडं तेल सोडत बसायचे. मी समासात फक्त लिहिलं, 'मग मशीन सुरू झालं का?' पुढच्या तासाला तिने दोन पानं आणून दिली.

आणखी विचारता येईल: घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? ऊसतोडीची टोळी आली की गावात काय बदलतं? लिहायचं वर्गातच, हाताने, वीस मिनिटं. घरी न्यायचंच नाही, म्हणजे मोबाइलचा प्रश्न मिटतो.

माणदेशी
अभ्यासक्रमात मुलाखत आहेच, तीच घरी घ्यायला लावा. आमच्याकडे आजोबा-आजींना १९७२ च्या दुष्काळाचं विचारलं की खडी फोडायची कामं, सुकडी, दावणीची जनावरं सोडून द्यावी लागली ते, सगळं निघतं. नंतर 'हे ऐकून तुला काय वाटलं?' असं मात्र विचारू नका, त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर येतं. 'कोणता प्रश्न विचारायचं तू टाळलंस, आणि का?' असं विचारा. मुलं खरी लिहायला लागतात ती इथे.

वाईचा_वाचक
सहलीचे पैसे असतील तर भिलारला न्या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांतच पुस्तकं मांडलेली आहेत. सहलीचं वर्णन नको. कुठल्याही आत्मचरित्राचं पहिलं पान वाचून प्रत्येकाने आपलं पहिलं पान तिथेच लिहावं.

कराडकर_मावशी
भाच्याने अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन ॲपचा अर्ज भरला, त्यात स्वतःवरचा निबंध ६५० शब्दांत बसवावा लागतो. सगळं आयुष्य त्यात मावणार कसं? शेवटी त्याने एकच प्रसंग धरला. तुम्हीही शब्दमर्यादा घालाच.

मराठीचा_तास
खूप उपयोग झाला. गुणांचं काय करता, सर?

आयर्विनकाठ
दुःख जास्त तर गुण जास्त, असं मुलांना वाटता कामा नये. नाहीतर ती दुःख रचायला लागतात. मी तपशील बघतो आणि दुसऱ्या खर्ड्यात काय बदललं ते बघतो. शुद्धलेखनाची लाल पेन पहिल्या खर्ड्यावर फिरवत नाही. खाजगी असेल ते पान दुमडून द्यायची मुभा ठेवा, ते वाचायचं नाही. न दुमडलेल्या पानावर मारहाणीचं किंवा जिवाला धोक्याचं दिसलं तर ते आपल्यापाशी ठेवता येणार नाही, हे पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा. फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ लिहून ठेवा. तो चाइल्डलाइनचा नंबर अठरा वर्षांच्या आतल्या सगळ्यांसाठी आहे.

मराठीचा_तास
सांगते नक्की. भिलवडी, अंकलखोपची मुलं वर्गात आहेत, पुराचा प्रश्न त्यांच्या घरातलाच. पण आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला त्या पुरात बोट उलटून माणसं गेली. म्हणून तो प्रश्न सक्तीचा ठेवणार नाही, टोळीचा प्रश्न पर्याय म्हणून देईन. आजी-आजोबांची मुलाखत दिवाळीच्या सुट्टीतच करून आणायला सांगते.