मदत हवी आहे: कॅनडात छोट्या कंपनीचं इंटरनेट घेतलं, पण माझा मोडेम चालू करून देत नाहीत

मंडळी, मी ऑन्टारिओत राहते. दर शनिवारी घरून मराठी शाळेचा ऑनलाइन वर्ग घेते, नऊ मुलं असतात. आतापर्यंत मोठ्या केबल कंपनीचं कनेक्शन होतं. सवलतीची मुदत संपली आणि बिल एकदम चढलं, म्हणून एका छोट्या प्रोव्हायडरकडे गेले. वायर तीच, भिंतीतला सॉकेटही तोच. दर महिन्याला मोडेमचं भाडं कशाला भरायचं, असा विचार करून दुकानातून स्वतःचा डॉक्सिस ३.१ मोडेम (डॉक्सिस म्हणजे केबलवरून इंटरनेट देण्याचं तांत्रिक मानक) आणला.

आता प्रोव्हायडर म्हणतो, हा मोडेम यादीत नाही, चालू होणार नाही. यादी कोणाची, तर केबल कंपनीची. केबल कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "तुम्ही आमचे ग्राहक नाही." अकरा दिवस झाले. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वर्ग घेते आहे. गेल्या शनिवारी 'ळ' शिकवत होते आणि मुलांचा आवाज इतका तुटत होता की कोण बरोबर म्हणतंय तेच कळेना.

केबल कंपनीला असं अडवता येतं का? तक्रार करायची तर कोणाकडे? मोडेम परत करायची मुदत अजून आहे, पण आधी नीट समजून घ्यायचं आहे.

तारयंत्र
ताई, मी बरीच वर्षं अशाच एका छोट्या प्रोव्हायडरकडे सपोर्टला होतो. तुमच्यासारखे फोन रोज यायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रोव्हायडरची स्वतःची वायर नाही. तो केबल कंपनीकडून घाऊक दराने जोडणी घेतो आणि तुम्हाला विकतो. सीआरटीसी, म्हणजे इथला दूरसंचार नियामक, याने केबल कंपन्यांना १९९०च्या दशकाच्या अखेरीसच हे बंधन घातलं. आमच्यात त्याला टीपीआयए म्हणतात, तिसऱ्या पक्षाला इंटरनेट जोडणी. पुढे २०१० मध्ये आणखी एक गोष्ट ठरली: मोठी कंपनी स्वतःच्या ग्राहकाला जो वेग देते, तो घाऊक ग्राहकालाही, म्हणजे छोट्या प्रोव्हायडरलाही, मागता आला पाहिजे.

पण मोडेम मात्र केबल कंपनीच्याच यंत्रणेत नोंदवावा लागतो. मोडेमच्या मागे मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा स्वतंत्र क्रमांक, छापलेला असतो, तो त्यांच्याकडे चढवतात. मोडेम सुरू झाला की तो त्यांच्या सर्व्हरकडून एक कॉन्फिग फाइल उतरवतो आणि तुमचा वेग त्या फाइलमध्ये ठरतो. फर्मवेअरही, म्हणजे मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर, तेच पाठवतात, तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेल्या मोडेमलासुद्धा! यादी येते ती इथून. प्रोव्हायडर खोटं बोलत नाही, त्याच्या हातात ते बटणच नाही.

निळासावळा
यादी असणं मुळात चूक नाही, एवढं नोंदवतो. केबलमध्ये वर जाणारा मार्ग, म्हणजे घरातून कंपनीकडे डेटा जाण्याचा, गल्लीतली सगळी घरं वाटून घेतात. एक बिघडलेला मोडेम गोंगाट करू लागला की शेजाऱ्यांचंही इंटरनेट जातं. मी नेटवर्कमध्ये काम करतो, असा एक मोडेम शोधायला घरोघर फिरलो आहे. इंटेलच्या प्यूमा ६ चिपच्या मोडेममध्ये प्रतिसाद मध्येच लांबायचा, ते २०१६ मध्ये बाहेर आलं. फर्मवेअर बदलेपर्यंत लोकांचे व्हिडिओ कॉल आणि गेम अडखळायचे. चाचणी हवीच. फक्त ती वेळेत व्हावी आणि सगळ्यांना एकच माप लावावं.

तारयंत्र
निळासावळा, 'एकच माप' हाच तर कळीचा शब्द आहे. कंपनी स्वतःच्या ग्राहकांना नवा मोडेम आज देते आणि घाऊक यादीत तसं उपकरण कितीतरी उशिरा येतं. तेवढ्या काळात छोट्या प्रोव्हायडरकडे विकायला वरचा वेग कागदावरच असतो. डॉक्सिस ३.० मध्ये एका चॅनेलवर साधारण ३८ एमबीपीएस मिळतात. आठ चॅनेलचा जुना मोडेम असेल तर तीनशेच्या आसपास गाडी थांबते, प्लॅन गिगाबिटचा असला तरी. दरांवर सगळे भांडतात, मोडेमच्या यादीकडे कोणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माइनकाठ
फ्रँकफर्टहून लिहिते. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेच मोडेम आणि राउटर निवडायचा हक्क ग्राहकाला दिला आहे. कंपनीला जोडणीची माहिती द्यावीच लागते. मी स्वतः आणलेला केबल मोडेम पोर्टलवर नोंदवला आणि झालं. म्हणजे तांत्रिक अडचण सोडवता येते.

कर्वेरोड
पुण्यात तर स्पर्धेसाठी दुसऱ्याची वायर वापरायची सोयच नाही. ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाने, २००४ मध्ये सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतरांना खुल्या करायची शिफारस केली होती, सरकारने ती घेतली नाही. तुमच्याकडे निदान भांडायला नियम आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. चित्र आता स्पष्ट झालं. पण नक्की करू काय? फायबर घ्यावं का?

तारयंत्र
तुमच्या रस्त्यावर फायबर आहे का ते आधी बघा. सीआरटीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑन्टारिओ आणि क्वेबेकपुरतं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये देशभरासाठी ठरवलं की मोठ्या टेलिफोन कंपन्यांनी घरापर्यंतचं फायबर स्पर्धकांना घाऊक द्यायचं. ऑगस्ट २०२४ नंतर टाकलेल्या फायबरला पाच वर्षं सूट आहे, त्यामुळे नव्या वसाहतीत कदाचित मिळणार नाही. वर्ग घेणाऱ्या माणसाला फायबरचा अपलोड फार उपयोगी पडतो.

केबलवरच राहायचं असेल तर हा मोडेम परत करा आणि यादीतला घ्या. 'डॉक्सिस ३.१' असं मोघम विचारू नका. मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती दोन्ही सांगून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. अकरा दिवसांचे पैसे प्रोव्हायडरकडे मागा, कारण तुमचा करार त्याच्याशी आहे. त्याने ऐकलं नाही तर सीसीटीएसकडे, म्हणजे दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे, तक्रार करा. ती मोफत आहे आणि छोट्या कंपन्यांनाही त्यात सहभागी व्हावंच लागतं.

यादीचा प्रश्न मात्र सीआरटीसीचा. १९९३च्या दूरसंचार कायद्याचं कलम २७(२) वाचा: कंपनीने स्वतःला अवाजवी झुकतं माप द्यायचं नाही. त्याखाली सीआरटीसीकडे 'पार्ट वन' नावाचा औपचारिक अर्ज कोणालाही करता येतो, पण प्रोव्हायडरने केला तर वजन पडतं. त्याच्याकडे तारखा असतात.

धागाकर्ती
कळवते. प्रोव्हायडरने यादीतला मोडेम तात्पुरता दिला, काल संध्याकाळी चालू झाला. अकरा दिवसांचे पैसेही पुढच्या बिलातून वजा करणार आहेत. आज वर्ग नीट झाला, नऊही मुलांचा 'ळ' ऐकू आला.

मी त्यांना कलम २७(२)बद्दल लिहिलं. त्यांच्याकडे अशी आणखी ग्राहकांची प्रकरणं आहेत आणि ते अर्जाचा विचार करताहेत. कॅनडात छोट्या प्रोव्हायडरकडे असलेल्या कोणाचा मोडेम असाच अडला असेल तर मॉडेल, मागणी केल्याची तारीख आणि मिळालेलं उत्तर मला व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? एकत्र करून त्यांना देईन.